हो, नाही, फरक पडत नाही

एक मुलगी पाण्यात डोकावली. त्यामुळे तिचं लग्न मोडलं. का?

विचारा प्रश्न. कितीही विचारा, फक्त उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच देता आलं पाहिजे. मी तिसरंही एक उत्तर देऊ शकतो, 'फरक पडत नाही'. याच्यापलीकडे मी एक शब्द बोलणार नाही.

पुण्यात आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी रात्री हा खेळ चालतो. सहा-सात जण असतो. नागपूर, लातूर, कोल्हापूर आणि मी पिंप्राळ्याचा. म्हणजे जळगावच, पण रुळांच्या पलीकडचं. आषाढीला विठ्ठलाचा रथ निघतो ते पिंप्राळा. 'जळगाव' म्हटलं की माझे आबा दुरुस्ती करायचे, म्हणून ती सवय मलाही लागली आहे.

त्या मुलीवर आमच्या लोकांनी विचारलेले प्रश्न साधारण असे होते.

ती पाण्यात पडली का? नाही. विहीर होती का? नाही. नदी? नाही. भांडं? हो. पाण्यात तिला कुणाचा चेहरा दिसला? नाही. नवऱ्या मुलाने तिला बघितलं का? फरक पडत नाही. मुलगी दिसायला कशी होती याचा काही संबंध? नाही. ते पाणी कोणी पिणार होतं? नाही. त्यात विष? नाही. हुंड्याचं काही? नाही. ही आजची गोष्ट आहे का? नाही.

इथे सगळे दहा मिनिटं अडकले. मग आमच्यातली एकजण, जी नोकरीत टेस्टिंग करते आणि एरवी पिझ्झ्याचा शेवटचा तुकडा उचलेपर्यंत गप्प असते, तिने विचारलं, "तेव्हा लोक पाणी अशा कामाला वापरायचे का, ज्याला आपण आता वापरत नाही?"

हो.

पुढचे सहा प्रश्न भराभर आले. धुणं नाही, भविष्य बघणं नाही, आरसा नाही, शिक्षा नाही. मोजणं? हो. वेळ मोजणं? हो! तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी भरते आणि बुडते. एका बुडीला चोवीस मिनिटं, म्हणजे एक घटिका. 'त्याची घटका भरली' असं आपण अजून म्हणतो ते या वाटीमुळे. मुलीच्या वडिलांनी ज्योतिष मांडून काढलेलं, की हिच्या लग्नाला एकच मुहूर्त आहे. वाटी बुडाली की अक्षता टाकायच्या. मुलगी कुतूहलाने डोकावली, अंगावरचा एक मोती निसटून वाटीत पडला आणि भोकावर बसला. पाणी यायचं थांबलं. सगळे वाटीकडे बघत बसले आणि मुहूर्त निघून गेला.

मुलगी लीलावती, वडील भास्कराचार्य. गोष्ट खरी असेलच असं नाही. भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली ती ११५० च्या सुमाराला, आणि पुस्तकात या मोत्याचा उल्लेखच नाही. ही कथा येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात. मधे चारशेहून जास्त वर्षं. पण कोडं म्हणून मला ते भारी वाटतं, शिवाय ते आमच्या जिल्ह्याचं आहे. चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे, तिथे १२०७ च्या आसपासचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, अशी नोंद त्यात आहे. यादवांच्या काळात आमच्याकडे गणिताचा क्लास होता, असं मी पुण्यातल्या लोकांना सांगतो. ते मान डोलावतात आणि शेवभाजी कधी करणार ते विचारतात.

'लीलावती'तलं कोणतंही गणित घ्या. भुंग्यांचा थवा असो, नाहीतर सरोवरातलं कमळ. लागणारी सगळी माहिती गणितातच दिलेली असते. तुम्ही फक्त सोडवायचं. आमची इंजिनिअरिंगची चार वर्षं तशीच गेली. 'गिव्हन' वर लिहा, 'टू फाइंड' खाली लिहा. या हो-नाहीच्या कोड्यांमध्ये मात्र माहिती मुद्दाम लपवलेली असते, आणि लपवणारा समोर बसून चहा पीत असतो. एडवर्ड द बोनो नावाच्या माल्टाच्या डॉक्टरने १९६७ मध्ये 'लॅटरल थिंकिंग' हा शब्द आणला. पुढे पॉल स्लोनसारख्या लोकांनी अशा कोड्यांची पुस्तकं काढली. जर्मनीत २००४ पासून 'ब्लॅक स्टोरीज' नावाचा पत्त्यांचा खेळ मिळतो. पत्त्याच्या एका बाजूला कोडं, मागे उत्तर. जपान आणि चीनमध्ये या सगळ्या प्रकारालाच 'समुद्री कासवाचं सूप' म्हणतात, कारण तिथे गाजलेलं पहिलं कोडं एका सूपचं होतं. माणूस हॉटेलात सूपचा एक घोट घेतो, घरी जातो आणि जीव देतो. उत्तर सांगत नाही. जेवत असाल तर शोधूही नका.

मी हा खेळ पहिल्यांदा खेळलो तो गच्चीवर, लोडशेडिंगमध्ये. २००५-०६ चे ते दिवस आठवत असतील तर तुम्ही माझ्याच वयाचे. संध्याकाळी लाइट गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसायचा. एप्रिलच्या जळगावात घरात बसणं शक्य नाही. गच्चीवर पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या आणि पडून राहायचं. माझा मोठा मामेभाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता, हॉस्टेलवरून तो अशी कोडी घेऊन यायचा. त्याने आम्हाला लिफ्टवालं घातलं. एक माणूस दहाव्या मजल्यावर राहतो. खाली जाताना लिफ्टने थेट खाली जातो. वर येताना सातव्या मजल्यावर उतरतो आणि पुढे चालत जातो. फक्त पावसाळ्यात थेट दहाव्यापर्यंत येतो. का?

आम्ही सगळी पोरं आठ ते बारा वर्षांची. आमच्यापैकी एकही कधी लिफ्टमध्ये बसलेलं नव्हतं. आमचे प्रश्नच वेगळे होते. लिफ्टला दोरी असते का? लिफ्टवाला शिट्टी मारतो का? आत लाइट जाते का? माणूस बुटका आहे, वरच्या बटणापर्यंत त्याचा हात पोचत नाही आणि पावसात हातात छत्री असते, हे उत्तर ऐकून आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. बटणं वर-खाली अशी लावलेली असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. माणसाने काय काय गृहीत धरलंय ते खोदून काढायचा हा खेळ आहे, असं सगळे सांगतात. पण खोदायला आधी गृहीत धरलेलं असावं लागतं. आमच्या डोक्यात लिफ्टच नव्हती.

आबा बाजूच्या गादीवर पडून ऐकत होते. त्यांना हा प्रकार आवडायचा नाही. "अरे काय झालं ते सरळ सांग ना त्या पोरांले," असं ते दर वेळी म्हणायचे. आबा एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं जळगाव-धुळे गाडीवर. एरंडोल, पारोळा, मग धुळे. त्या रात्री मात्र ते उठून बसले आणि म्हणाले, आता माझं ऐका.

एक बाई रोज सकाळी पारोळ्याच्या स्टँडवर यायची. गाडी लागली की कंडक्टरला भेटायची. गाडीत कधीच चढली नाही. संध्याकाळी गाडी परत आली की पुन्हा हजर. कंडक्टरला भेटायची. मग एक तर हसत घरी जायची, नाहीतर तोंड पाडून. का?

हे कोडं आमचं होतं. एसटी आम्हाला पाठ होती. ती कंडक्टरची बायको आहे का? एक टोला. आबांनी तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावर पितळी तांब्या आपटून नियमही लावून टाकला होता. गाडीत घंटीची दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. एक टोला म्हणजे नाही, डबल बेल म्हणजे हो. कुणी येणार आहे का गाडीने? एक. ती काही देते का कंडक्टरला? डबल बेल. पैसे? एक. चिठ्ठी? एक. खायचं? डबल बेल!

तिचा पोरगा धुळ्याला शिकायला होता, आणि ती त्याचा डबा पाठवायची. संध्याकाळी डबा परत यायचा. रिकामा असला की पोरगा जेवला. भरलेला असला की नाही जेवला. तेव्हा फोन कुठले. त्या बाईला दिवसातून एकदा पोराची एवढीच खबर मिळायची, हो किंवा नाही.

आम्ही पोरांनी त्यानंतर सुट्टीभर आबांना भंडावून सोडलं, पण त्यांच्याकडे दुसरं कोडं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आबांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय गेला, आणि बोलणं गेलं. याला वाचाघात म्हणतात. म्हणजे माणसाला ऐकू येतं, समजतंही बरंच, पण शब्द सापडत नाही, किंवा भलताच सापडतो. आबांकडे एकच शब्द उरला, 'हो'. पाणी पाहिजे? हो. नको? हो. दुखतंय? हो. नाही दुखत? हो. आणि स्वतःचा 'हो' ऐकून ते स्वतःच कपाळावर हात मारायचे.

मी ऑफिसातून वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि पिंप्राळ्याला येऊन राहिलो. स्पीच थेरपीवाल्या मॅडमनी समजावलं होतं. एका वेळी एकच प्रश्न, छोटा. एकानेच विचारायचा. उत्तराला वेळ द्यायचा, घाई करून पुढचा प्रश्न फेकायचा नाही. आणि आलेलं उत्तर खरं आहे का ते उलटा प्रश्न विचारून तपासायचं, कारण वाचाघातात हो आणि नाही यांचीही अदलाबदल होते.

आमच्या धंद्यात हो-नाहीचे प्रश्न हेच भांडवल असतं. एका हो-नाही उत्तरात जास्तीत जास्त एक बिट माहिती मावते. प्रत्येक प्रश्नाने शक्यता बरोबर निम्म्या करत गेलात तर दहा प्रश्नांत १,०२४ गोष्टींपैकी एक सापडते आणि वीस प्रश्नांत दहा लाखांपैकी. हजार बदलांपैकी नेमक्या कोणत्या बदलाने सॉफ्टवेअर बिघडलं ते आम्ही गिट बायसेक्टने दहा वेळा तपासून काढतो, ते असंच. पण समोरचा एखादं उत्तर चुकीचं देत असेल तर? स्तानिस्लाव उलाम या गणितज्ञाने १९७६ मध्ये आपल्या आत्मचरित्रात हाच प्रश्न टाकला होता. दहा लाखांपैकी एक आकडा ओळखायचा आहे, आणि उत्तर देणारा एकदा खोटं बोलू शकतो. किती प्रश्न लागतील? त्याचं पक्कं उत्तर १९८७ मध्ये मिळालं, पंचवीस. एका संभाव्य खोट्यासाठी पाच प्रश्न जास्त. ते खोटं कुठे आहे हे माहीत नसल्याची ही किंमत.

या खेळाला गणितात रेनी-उलाम खेळ म्हणतात. रेनी म्हणजे हंगेरीचे आल्फ्रेद रेनी. त्यांच्या देशात वीस प्रश्नांच्या खेळाला 'बारकोखबा' असं नाव आहे, आणि त्यामागची दंतकथा मी आबांच्या खाटेपाशी बसून फोनवर वाचली. बार कोखबा हा रोमनांविरुद्ध उठलेला ज्यू सेनानी, इसवी सन १३२ चा. त्याच्या छावणीत एक माणूस आला. शत्रूने त्याची जीभ कापली होती आणि हातही तोडले होते. बोलता येईना, लिहिता येईना. बार कोखबाने त्याला फक्त मान हलवून देता येतील असे प्रश्न विचारले, आणि काय झालं ते सगळं काढून घेतलं. शाळेच्या सहलीत बसमध्ये हंगेरियन पोरं जो खेळ खेळतात, त्याची सुरुवात म्हणून ही गोष्ट सांगतात.

आबांचा मार्ग आबांनीच काढला. दुपारी आई त्यांना वरण-भात भरवत होती. "अजून देऊ?" असं तिने विचारलं. आबा म्हणाले "हो", आणि डाव्या हातातला चमचा खाटेच्या लोखंडी दांड्यावर एकदा आपटला. आईने घास पुढे केला. आबांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा एकदा आपटला. बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "अगं थांब, सिंगल बेल आहे."

त्या दिवसापासून तोंडाचा 'हो' आम्ही ऐकायचा सोडला आणि चमचा ऐकायला लागलो. उलटे प्रश्न विचारून तपासलं. दांड्यावरचं उत्तर जवळजवळ कधीच चुकत नव्हतं. असं का व्हावं ते मला सांगता येणार नाही. तीसेक वर्षं ज्या हाताने दोरी ओढली, त्या हाताचं काही वेगळं असेल. दोन-चार दिवसांत एक तिसरा प्रकारही आला. कधी कधी आबा चमचा आपटायचेच नाहीत, शांतपणे गादीवर ठेवून द्यायचे. सुरुवातीला आम्हाला वाटलं दमले. मग कळलं की हे उत्तरच आहे. प्रश्नच गैरलागू, फरक पडत नाही.

पुण्यातल्या खेळात नवीन माणसं हे तिसरं उत्तर आलं की नाराज होतात, प्रश्न फुकट गेला म्हणून. मला ते उत्तर सगळ्यात जास्त आवडतं. 'नाही' ने एक दार बंद होतं. 'फरक पडत नाही' ने कळतं की तुम्ही ज्या इमारतीत दारं शोधताय ती इमारतच वेगळी आहे.

एप्रिलअखेरीस आबांनी वर बोट दाखवायला सुरुवात केली. पहाटे सहाच्या सुमाराला. डावा हात उचलून छताकडे बोट, चेहरा लाल, आणि तोंडाने "हो, हो, हो." रोज नाही, मधेच कधीतरी. पंखा लावू? सिंगल बेल. बंद करू? सिंगल. लाइट? कूलर? सिंगल, सिंगल. छातीत दुखतंय? सिंगल. देवाचं काही? चमचा गादीवर. एरंडोलहून माझी आत्या आली होती. बापाने वर बोट केलेलं बघितलं आणि ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. तिला वाटलं, वर चाललो म्हणतायत. आबांनी तिच्याकडे जे बघितलं ना, चमचा आपटायची गरजच नव्हती.

मी फोनमध्ये तारखा आणि प्रश्न लिहून ठेवत होतो. पाच वेळा झाल्यावर एक गोष्ट दिसली, हे दर तिसऱ्या दिवशी होत होतं. मी बाबांना दाखवलं. गोळ्यांचं वेळापत्रक पाहिलं, ते रोजचंच होतं. फिजिओवाला येण्याचे दिवस पाहिले, जुळले नाहीत. आबांना काय पाहिजे असेल याची आम्ही यादी केली. ती तेवीसवर गेली आणि तेवीसही गोष्टींना सिंगल बेल मिळाली.

सहाव्या वेळी आत्या खाटेवर टेकली. आम्ही सगळे उभे. बाबांनी विचारलं, "आबा, काही पाहिजे का?" आबांनी चमचा गादीवर ठेवला. आत्या थोडा वेळ त्या चमच्याकडे बघत राहिली. मग तिने तो उचलून परत त्यांच्या हातात दिला.

"आबा, तुमाले काही पाहिजे नाही. तुमाले आमाले काही सांगनं आहे का?"

डबल बेल.

आजारी माणसाला काहीतरी पाहिजे असतं. हे आम्ही कुणी ठरवलं नव्हतं, ते आधीच ठरलेलं होतं, दहाव्या मजल्याच्या बटणासारखं. आता प्रश्न बदलले. माणसाबद्दल? एक. घराबद्दल? दोन. या खोलीतलं? एक. वरचं? दोन. गच्ची? दोन. तिथे कुणी जातं? एक. काही पडलंय? एक. आत्याने विचारलं, पाणी? आणि आबा थांबेचनात. टण-टण, टण-टण, टण-टण, गाडी घाटात अडकल्यासारखे.

बाबा वर पळाले आणि गच्चीवरून ओरडले, "टाकी वाहू राहिली ना भो!"

नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं. पहाटे आई मोटर लावायची आणि टाकीचा फ्लोट खराब झाला होता. भरलेली टाकी मागच्या बाजूने वाहायची, आणि ते पाणी ज्या पाइपने खाली यायचं तो आबांच्या खाटेमागच्या भिंतीतून जातो. कूलरच्या घरघरीत आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. आबांचं डोकं मात्र भिंतीला लागलेलं. भिंतीच्या मागच्या अंगाला हातभर ओल आली होती. ती भिंत त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन बांधली होती, हे आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ऐकू येणं बंद झालं होतं.

पुढे हे कोडं मी शुक्रवारच्या ग्रुपला घातलं. एक म्हातारा दर तिसऱ्या दिवशी पहाटे वर बोट दाखवून रागावतो, का? त्यांना बेचाळीस प्रश्न लागले. लातूरवाल्याने एका फटक्यात 'तिसरा दिवस म्हणजे नळ' हे ओळखलं. त्याच्याकडे पाणी त्याहून उशिरा यायचं. कोल्हापूरवाला शेवटपर्यंत चंद्र-ग्रहांत अडकला. रोज पाणी येणाऱ्या गावाचा माणूस, त्याचाही इलाज नव्हता. म्हणूनच हा खेळ एकट्याने खेळण्यात मजा नाही. एका डोक्यात एकाच गावाचं पाणी असतं.

फ्लोट बदलला. आबांनी त्यानंतर कामांचा सपाटाच लावला. गॅसवाला जास्त पैसे घेऊन गेला, शेजाऱ्यांचा फणसाएवढा दगड आपल्या गटारीवर आलाय, केबलचं बिल दोनदा भरलं. सगळं हो-नाहीतून बाहेर काढायचं. सरासरी पंधरा-वीस प्रश्न लागायचे. आई चिडायची, "आजारी माणसाने आराम करावा." सिंगल बेल.

ते पुढच्या वर्षी पावसाळ्यात गेले.

माझ्या फोनमधली ती यादी अजून आहे. तिच्यात शेवटचं एक कोडं अर्धवट आहे. आबा जायच्या आधीचे दहा-बारा दिवस ते दुपारी कुणीतरी जेवत असलं की चमचा वाजवायचे. आम्ही विचारत गेलो. सांगायचंय? दोन. घराबद्दल? एक. माणसाबद्दल? दोन. बाई? एक. पुरुष? दोन. नात्यातला? एक. पिंप्राळ्याचा? एक. धुळे? दोन. एसटीतला, तुमच्या नोकरीतला? एक. पैसे देणं-घेणं? चमचा गादीवर. आम्ही ओळखतो त्याला? दोन, मग थोडं थांबून एक. तेव्हा लहान होता? दोन. इथे ते दमायचे. डोळे मिटायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो, आणि पुन्हा इथपर्यंतच यायचो.

गेल्या महिन्यात बाबांचा रात्री अकराला फोन आला. एरवी ते नऊलाच झोपतात. म्हणाले, "तू ती यादी ठेवलीय ना? आपण डब्याचं विचारलंच नव्हतं."

मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, तो पोरगा आता साठीचा असेल, कुठे असेल कोण जाणे, आबांना त्याचं काय सांगायचं असेल. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "जेवताना वाजवायचे ना?"

मी यादी उघडून वाचली. हो, जेवताना.